आमच्या अकरा खिडक्या

दिवाळी तोंडावर आली की घरातल्या बाईला दोन गोष्टी एकदम दिसू लागतात. एक कोपऱ्यातली जळमटं आणि दुसरी खिडक्या. एरवी वर्षभर आपण खिडकीतून बाहेर पाहतो, खिडकीकडे कोण पाहतं! पण एकदा का रंगारी दारात उभा राहिला आणि त्यानं चौकटीवर टिचकी मारून "रंग देतो बाई, पण खाली लाकूड आहे ना?" असं विचारलं, की मग घरात चर्चेला तोंड फुटतं. मागच्या वर्षी या पानांवर मी कल्हईबद्दल लिहिलं होतं. यंदा खिडक्यांबद्दल लिहिते आहे, कारण गेलं वर्षभर आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता म्हटलं तरी चालेल.

आमचं वर्ध्याचं घर १९३८ सालचं. आजेसासऱ्यांनी बांधलेलं. गांधीजी १९३६ साली शेजारच्या शेगावला राहायला आले (त्या गावाचं सेवाग्राम हे नाव १९४० सालचं) आणि तेव्हापासून देशभरची माणसं वर्ध्याच्या स्टेशनावर उतरू लागली. जुलै १९४२ मध्ये 'भारत सोडा'चा ठराव काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यालाच केला. तेव्हा मामंजी आठ वर्षांचे होते. रस्त्याकडच्या खिडकीत बसून टांगे मोजले, एवढंच त्यांना त्या दिवसांतलं आठवतं. मोठ्या घटना मुलांना खिडकीएवढ्याच दिसतात, त्याला इलाज नाही.

तर या घराला अकरा खिडक्या. सगळ्या सागवानी, पुरुषभर उंचीच्या नसल्या तरी चांगल्या चार फूट. प्रत्येकीला चार झडपा, दोन वर आणि दोन खाली. वरच्यांना काचेची तावदानं, खालच्यांना भरीव फळ्या. मधे चौकटीतच बसवलेले उभे लोखंडी गज. ज्यानं कोणी ही रचना काढली, त्याला वर्ध्याचा उन्हाळा ठाऊक होता. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत खालच्या-वरच्या सगळ्या झडपा लोटून घ्यायच्या. घर दिवसभर काळोखं पण सुसह्य राहतं. रात्री रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसू नये म्हणून खालच्या बंद ठेवायच्या आणि वरच्या उघडायच्या. तापलेली हवा वरच्या वर निघून जाते.

गेल्या वर्षी थोरले भाऊजी दिवाळीला नागपूरहून आले आणि म्हणाले, "आता या खिडक्या पुरे झाल्या. वैशाखात पोरीचं लग्न आहे. पाहुणे या घरात उतरणार. सगळ्या काढून अॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवू." भाऊजींचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं, हे आधी सांगते. तीन खिडक्या नीट लागत नव्हत्या. एकीची कडी सुतळीनं बांधली होती. पावसाळ्यात फुगून बसलेली झडप उघडायला माझ्या मुलाला खांदा लावावा लागे. शिवाय डास! त्यांनी ठेकेदारालाही बोलावलं. त्यानं टेप धरून मापं घेतली आणि शहाण्णव हजारांचा आकडा सांगितला. वर अगदी उदारपणे म्हणाला, "जुनं लाकूड आम्हीच उचलून नेऊ, तुम्हाला तसदी नको." हे ऐकून माझे कान टवकारले. अकरा खिडक्यांचं ऐंशी वर्षांपूर्वीचं सागवान फुकटात उचलून न्यायला जो इतका तयार आहे, त्याला त्या लाकडाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते, हे उघड होतं.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या सागवानाची महती मी काय सांगावी? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेलं ते बल्लारपूरच्या डेपोतून. सागाच्या गाभ्यात एक नैसर्गिक तेल असतं, म्हणून उधळी त्याच्या वाट्याला सहसा जात नाही. पण सालीलगतचा पांढुरका भाग मात्र ती आवडीनं खाते. कोवळ्या झाडाच्या लाकडात हा पांढुरका भाग फार, जुन्या झाडात गाभा फार. म्हणून आजच्या स्वस्त सागवानी खिडकीपेक्षा आजेसासऱ्यांच्या वेळची खिडकी अधिक टिकते.

मी एवढंच म्हटलं, की आधी वाढई बोलावू या. (आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात.) आले ते सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी पिशवीतून एक दाभण काढलं आणि खिडकी-खिडकीशी बसून ते लाकडात टोचत गेले. जिथं दाभण अडलं तिथं पुढे सरकायचं, जिथं मुठीपर्यंत गेलं तिथं खडूनं फुली. तासाभरात निकाल लागला. सहा खिडक्यांना नुसती सफाई आणि बिजागऱ्या, तिघींच्या खालच्या आडव्या पट्ट्या कुजलेल्या, आणि मागच्या अंगाच्या दोन, न्हाणीघराची आणि कोठीची, पार गेलेल्या. त्या दोघींना त्यांनी हात जोडले. बाकीच्यांबद्दल म्हणाले, "बाई, हे लाकूड मेलं नाही जी. याच्या फक्त पायाले लागलं आहे."

आणि ते खरंच होतं. खिडकी कुजते ती नेहमी खालून. पाणी वरून ओघळतं आणि खालच्या पट्टीवर येऊन बसतं. त्या तीन कुजलेल्या खिडक्या कुठल्या, तर ज्यांत आम्ही गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत कूलर लावतो त्या! पावसानं जे केलं नसतं ते कूलरच्या ठिबकण्यानं केलं. ज्यांच्याकडे जुन्या खिडकीत कूलर बसतो त्यांनी पाणी बाहेर टाकणारी पत्र्याची पन्हळ खाली अवश्य बसवावी. शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे.

जुन्या खिडकीची खरी गंमत इथंच आहे. ती जोडून केलेली असते. खालची पट्टी कुजली तर ती एकटी बदलता येते. उभ्या दांड्याचा वीतभर तुकडा गेला तर तिरका काप घेऊन तेवढाच नवा सांधता येतो. काच फुटली तर काच, कडी गेली तर कडी. सरकत्या खिडकीचं एखादं चाक किंवा कुलूप चार-सहा वर्षांनी झिजतं, तोवर त्या मापाचं सामान बाजारातून नाहीसं झालेलं असतं आणि मग ठेकेदार म्हणतो, "पूर्णच बदलून टाका."

आमच्याहून आठ किलोमीटरवरची बापूकुटी पाहा. ती मीराबहेनींनी उभारली आणि पुढे गांधीजी तिच्यात राहू लागले. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू. असलं घर पावसात किती दिवस टिकेल? पण दरवर्षी कवेलू शाकारतात, भिंती लिंपतात, खराब झालेला बांबू बदलतात, म्हणून ते उभं आहे. इव्हान इलिच नावाचे परदेशी विचारवंत जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्रामला आले, तेव्हा या झोपडीनं आपल्याला काय शिकवलं यावरच त्यांनी भाषण केलं. आपण वर्धेकर तिथं पाहुण्यांना घेऊन जातो, चपला काढतो, नमस्कार करतो आणि घरी येऊन चौकट उखडायला माणूस बोलावतो.

माझा भाचा लंडनला असतो. त्याला फोनवर ही हकीकत सांगितली तर तो म्हणाला, "मावशी, माझीही हीच लढाई चालू आहे." तिकडच्या जुन्या खिडक्या आपल्यासारख्या झडपांच्या नसतात, खालवर सरकणाऱ्या असतात. आपल्या आगगाडीच्या साध्या डब्यात जशी काच दोन्ही हातांनी वर सरकवावी लागते, तशाच. फरक एवढाच, की तिथं चौकटीच्या पोटात लोखंडाची वजनं लपवलेली असतात. कप्पीवरून गेलेल्या दोरीनं ती खिडकीला बांधलेली असतात, म्हणून एवढं जड तावदान एका बोटानं उचलतं आणि जिथं सोडावं तिथं राहतं. दोरी तुटली की मात्र ते धाडकन खाली येतं. लोक समजतात खिडकी गेली. गेलेली असते ती दोरी. भाच्याचं घर संरक्षित जुन्या वस्तीत आहे, त्यामुळे तिथं पालिकेच्या परवानगीशिवाय खिडकी बदलता येत नाही. आपल्याकडे असं बंधन नाही. आपलं आपणच ठरवायचं.

आणि ठरवणं सोपं नव्हतं. घर दोघा भावांचं. आमचे हे दोन्हीकडे मान डोलावणारे. जाऊबाई बिचाऱ्या लग्नाच्या काळजीत, त्या मला एकदा बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, व्याही काय म्हणतील? सुतळीनं बांधलेल्या खिडक्या!" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

मामंजींना विचारलं, तर ते म्हणाले, "बदला खुशाल. मला आता दिसतंय कुठे?" मामंजी एक्क्याण्णव वर्षांचे आहेत. त्यांची खाट रस्त्याकडच्या त्याच खिडकीला लागून असते. त्यांच्या या उत्तरावर भाऊजी निर्धास्त झाले. पण पहाटे त्यांना चहा द्यायला मीच जाते. मी रोज पाहते, की ते उजव्या हातानं चाचपत खिडकीचा तिसरा गज धरतात, त्याच्या आधारानं उठून बसतात आणि मग पाय खाली सोडतात. तो गज त्या जागी हाताच्या घासण्यानं गुळगुळीत काळा झाला आहे. सरकत्या खिडकीची जाळी भिंतीच्या बाहेरच्या कडेला येते, गज आत उरत नाहीत. मी भाऊजींना काही बोलले नाही. त्यांना एक दिवस पहाटे पाचला उठवलं आणि चहाचा कप त्यांच्या हातात देऊन, "मामंजींना आज तुम्ही नेऊन द्या," म्हटलं.

परत आले तेव्हा ते बराच वेळ ओसरीवर बसून होते. मग म्हणाले, "वाढई रोजाचे किती घेतो?"

आता कामाचं सांगते, कारण पत्रं त्याचीच येतील. पहिली गोष्ट, पावसाळ्यात अडकणाऱ्या झडपेला पावसाळ्यात रंधा मारू नका. ओलाव्यानं लाकूड आडवं फुगतं. श्रावणात तासून घेतलेली झडप चैत्रात एवढी आकसते की फटीतून लू आत येते. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. आमचं काम मार्गशीर्षात झालं.

दुसरी, जुना रंग कोरडा खरवडू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. तेव्हा जुना थर पाण्यानं ओला करून पॉलिशपेपरनं घासावा, लहान मुलांना आणि गरोदर बायकांना दूर ठेवावं, पडलेला चुरा ओल्या फडक्यानं गोळा करावा. झाडू मारू नये.

तिसरी, काचेची लांबी. हल्ली डब्यातली मिळते. पण वाढईंनी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून घरीच केली. जवस आपल्या विदर्भाचंच पीक. कणकेसारखं मळायचं, हाताला चिकटेनासं झालं की झालं. खाचेत आधी तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि तिला वर्षभरात तडे जातात. लांबी भरल्यावर आठ-पंधरा दिवस थांबून मग रंग. सैल झालेल्या स्क्रूच्या भोकात त्यांनी बांबूच्या काड्या सरसात बुडवून ठोकल्या आणि त्यातच पुन्हा स्क्रू पिळले. जुन्या पितळी कड्या मी चिंचेनं घासल्या. रंगाखाली पितळ आहे हे घरात कोणाला ठाऊकच नव्हतं.

डासांसाठी आतून जाळीच्या हलक्या चौकटी केल्या, लाकडी फिरत्या खुंट्यांवर बसणाऱ्या; चार खुंट्या वळवल्या की चौकट हातात येते आणि अंगणात धुता येते. न्हाणीघराला आणि कोठीला मात्र सरकत्या अॅल्युमिनियमच्याच घेतल्या. तिथं त्या चांगल्या आहेत. पाण्यानं कुजत नाहीत, उधळी लागत नाही आणि त्या कोपऱ्यात वाऱ्याची गरजही नाही. बाकी ठिकाणी त्यांची अडचण अशी, की दोन रुळांची सरकती खिडकी कधीच अर्ध्याच्या वर उघडत नाही. आणि कूलरची हवा जेवढी आत येते तेवढी दुसऱ्या बाजूनं बाहेर जायला हवी, नाहीतर घरात नुसता दमटपणा साठतो. ज्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्यांचा हिशेब वेगळा. तिथं फटी बुजणं महत्त्वाचं.

वाढई आणि त्यांचा मदतनीस बारा दिवस होते. मजुरी, लाकूड, काच, तेल, रंग, जाळ्या आणि त्या दोन नव्या खिडक्या मिळून एकेचाळीस हजार झाले. काम ठेकेदाराच्या तीन दिवसांऐवजी बारा दिवस चाललं, घरभर भुसा झाला, आणि नऊ खिडक्यांतली एक अजूनही भाद्रपदात जराशी अडते.

वैशाखात लग्न झालं. व्याह्यांनी खिडक्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही, पंगतीतल्या वांग्याच्या भाजीबद्दल मात्र खूप बोलले. मागच्या अंगणाचं दार आता खालून भुसभुशीत लागतं आहे. वाढईंना आधीच सांगून ठेवलं आहे. माघात चार दिवस देतो म्हणाले आहेत.