चौथ्या पानावरची ओळ

पुस्तकाचे चौथे पान वाचक सहसा वाचत नाही. आपण धंद्यातली माणसे मात्र आधी तेच उघडतो. आवृत्ती कितवी, मुद्रक कोण, अक्षरजुळणी कुणाची, आणि सगळ्यांत खाली ती ठरलेली ओळ : ‘सर्व हक्क स्वाधीन’. कुणाच्या स्वाधीन, हे बहुतेक वेळा लिहिलेलेच नसते.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या प्रकाशनसंस्थेच्या फायली चाळायचा योग आला. कपाटाला वाळवी लागायच्या आत कागद वाचवायचे, एवढाच हेतू होता. एका कादंबरीच्या सहा आवृत्त्या निघाल्या होत्या आणि करार म्हणून फायलीत लेखकाचे एक पोस्टकार्ड होते. छापा, माझी हरकत नाही, एवढाच मजकूर. खाली सही, तारखेचा पत्ता नाही. सध्याचे मालक कौतुकाने म्हणाले, “आमच्याकडे सगळे शब्दावर चालायचे.” ते खोटे बोलत नव्हते. मराठी पुस्तकव्यवहार दोन-तीन पिढ्या खरोखरच शब्दावर चालला, आणि त्यातून चांगली पुस्तकेही निघाली.

पण कायदा कागद मागतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे एकोणिसावे कलम आपल्यापैकी प्रत्येकाने एकदा सावकाश वाचावे, अगदी मुद्रिते तपासतो तसे. हक्काचे हस्तांतर लेखी हवे आणि त्यावर लेखकाची सही हवी. पुस्तक कोणते, हक्क कोणते, मुदत किती, प्रदेश कोणता, रॉयल्टी किती, हेही त्यात यायला हवे. खरी मेख पुढे आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे कायदाच सांगतो. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही लिहिलेले नसल्यास तोही गळून पडतो. म्हणजे करारातल्या रिकाम्या जागा कायदा स्वतः भरतो, आणि भरताना तो लेखकाच्या बाजूला झुकतो. ते पोस्टकार्ड फार तर परवाना ठरेल. परवान्यालाही याच अटी लागू होतात, त्यामुळे तीही पळवाट नाही.

मुदत न लिहिलेला २००५ सालचा करार कुणाच्या कपाटात असेल, तर त्याची पाच वर्षे २०१० मध्येच संपली. त्यानंतरची प्रत्येक आवृत्ती लेखकाच्या मौनावर उभी आहे. १० मे १९९५ पूर्वीच्या करारांना मात्र पाच वर्षांची आणि एका वर्षाची ही कलमे लागत नाहीत, म्हणून फायलींचे दोन गठ्ठे करावेत. लेखी कागद आणि सही मात्र दोन्ही गठ्ठ्यांत लागते.

लेखकाला हे ठाऊक नसते, म्हणून आजवर निभावले. त्याच्या मुलांना आता ठाऊक होऊ लागले आहे. त्यांची पहिली ईमेल येते ती हमखास ऑडिओबुकबद्दल. २०१२ च्या दुरुस्तीने अठराव्या कलमात एक वाक्य घातले आहे : करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यवहारात रुळलेले नव्हते, त्याचा करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या माध्यमाचे हक्क हस्तांतरात येत नाहीत. ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ हे आपले लाडके वाक्य इथे तोकडे पडते. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचे अॅप मराठीत आले २०१७ च्या अखेरीस. त्याच्याही कितीतरी आधीचे करार पुढे करून पुस्तके वाचून घेण्याचे व्यवहार आपल्यात झाले आहेत. ज्यांनी त्या वेळी लेखकाला फोन करून एका पानाची पुरवणी करून घेतली, ते आज निर्धास्त आहेत.

पायरसीबद्दल वेगळे लिहायला नको. पदपथावरच्या बनावट प्रती आणि व्हॉट्सअॅपवरच्या पीडीएफ हा आपल्या प्रत्येक संमेलनातला कायमचा विषय आहे. ६३ व्या कलमात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. पण तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न येतो की हक्क तुमच्याकडे आहे याचा कागद दाखवा. तिथे ते पोस्टकार्ड काढणार का?

लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, हे गणित आता सर्वांना पाठ आहे. ते आधी पन्नासचे होते. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ अखेर संपत होता, त्या निमित्ताने दहा वर्षे वाढली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली झाली आणि बाजारात तिच्या आवृत्त्यांची रांग लागली. बहिणाबाई चौधरींच्या बाबतीत मात्र हिशेब चुकतो. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशनात साठ वर्षे प्रकाशनवर्षापासून मोजतात, म्हणून ती २०१३ पासून खुली आहेत. पण त्या पुस्तकाला प्रस्तावना आहे आचार्य अत्र्यांची, आणि अत्रे गेले १९६९ मध्ये. गाणी मोकळी असली तरी प्रस्तावना २०२९ संपेपर्यंत बांधलेलीच आहे. जुने पुस्तक उचलून जसेच्या तसे छापणाऱ्यांनी प्रस्तावना, चित्रे, टिपा यांचा हिशेब वेगवेगळा करावा.

आता ५७ वे कलम. पैशाचा संबंध नसल्यामुळे आपण ते सोडून देतो. हक्क विकून टाकले तरी आपले नाव लावण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मन्नू भंडारींनी ‘आपका बंटी’च्या चित्रपटाचे हक्क दिले होते. तरीही पडद्यावर कादंबरीचे काहीही करायची मुभा मिळत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले. किशोरांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढताना शेवट ‘गोड’ करणाऱ्या संपादकांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

अनुवादकांचे नाव मुखपृष्ठावरून गाळण्याची खोडही याच कलमाशी येऊन भिडते. मूळ लेखकाच्या परवानगीने केलेला अनुवाद ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र साहित्यकृती आहे आणि तिचा लेखक अनुवादक आहे. एकरकमी मानधन देऊन त्याचे नाव सातव्या पानावर बारीक टायपात घालणे मला तरी कोतेपणाचे वाटते.

हे सगळे लिहिताना आमच्या घराकडे, म्हणजे या मासिकाकडेही पाहावे लागले. नोकरीत नसलेल्या लेखकाचा लेख मासिकाने छापला म्हणून तो मासिकाच्या मालकीचा होत नाही. आम्ही मात्र जुने लेख दोनदा पुस्तकरूपाने काढले, आणि दोन्ही वेळा परवानग्या तोंडीच घेतल्या. या महिन्यापासून प्रत्येक लेखकाला एक पानी पत्र जाईल : एकदा छापण्याचा हक्क, मुदत, मानधन आणि ईअंकाचा वेगळा उल्लेख. मागच्या लेखकांनाही ते पाठवायला घेतले आहे. यादीतली काही नावे आता हयात नाहीत, त्यांच्या वारसांचे पत्ते शोधणे चालू आहे.