'आणि' नाही, नुसतं 'सोबत' : बिल फिंगरचं अजून न फिटलेलं देणं

2016 च्या 'बॅटमॅन व्हर्सस सुपरमॅन'मध्ये एक छोटीशी ओळ आली. मराठीत सांगायचं तर, 'बॅटमॅनची निर्मिती : बॉब केन, बिल फिंगरसोबत.' मूळ इंग्रजी ओळीत दोन नावांच्या मध्ये 'अँड' नाही, 'विथ' आहे. श्रेयनामावली सुरू झाली की आपण थिएटरमध्ये उठून उभे राहतो आणि ओटीटीवर पुढचा एपिसोड लावतो, त्यामुळे हा फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटला. ज्यांच्या नजरेत आला, त्यांनी त्याचा आनंद साजरा केला. बॅटमॅन पहिल्यांदा छापला गेला 1939 मध्ये. फिंगरचं नाव देणार असल्याचं डीसीने जाहीर केलं सप्टेंबर 2015 मध्ये. 76 वर्षांनी का होईना, न्याय झाला, असं सगळे म्हणाले.

माझं म्हणणं असं की न्याय झालेला नाही. वरातीमागून घोडं आलं, आणि आलं तेही लंगडं. 'सोबत' हा शब्द मदतनिसासाठी वापरतात. फिंगर मदतनीस नव्हता. बॅटमॅन म्हटल्यावर आज आपल्याला जे जे आठवतं, त्यातला मोठा भाग त्याच्या डोक्यातून आलेला आहे.

वजाबाकी करून बघा

1938 मध्ये सुपरमॅन आला आणि तुफान चालला. प्रकाशकांना तसाच आणखी एक हिरो हवा होता. बॉब केन या तरुण चित्रकाराने 'बॅट-मॅन' या नावाचं एक चित्र काढलं आणि ते बिल फिंगरला दाखवलं. फिंगर तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचा होता. बुटांच्या दुकानात विक्रेता म्हणून काम करायचा, लिहिण्याची हौस होती आणि नुकताच केनसाठी गोष्टी लिहायला लागला होता.

केनच्या त्या चित्रात काय होतं? लाल घट्ट कपडे, पाठीला ताठ पंख, डोळ्यांपुरता छोटा मुखवटा. फिंगरने सुचवलं की पंखांऐवजी झूल दे, डोकं झाकणारा आणि वटवाघळासारखे कान असलेला मुखवटा दे, लाल रंग काढून कपडे करडे आणि काळपट कर, हातात मोजे घाल. ब्रूस वेन हे नावही फिंगरचं. त्यातलं 'ब्रूस' स्कॉटलंडच्या रॉबर्ट द ब्रूस या राजावरून आलं आणि 'वेन' अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या अँथनी वेन या सेनानीवरून. बॅटमॅनच्या शहराचं गॉथम हे नावही त्याचंच. टेलिफोन डिरेक्टरी चाळताना एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या नावात त्याला ते सापडलं. मे 1939 च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या 27 व्या अंकातली बॅटमॅनची पहिली गोष्ट त्याने लिहिली. कमिशनर गॉर्डन त्या पहिल्याच गोष्टीत आहे. आईबापांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेला मुलगा, जो पुढे बॅटमॅन होतो, ही दोन पानांची जन्मकथा त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अंकात आली. तीही फिंगरची. कॅटवुमन, पेंग्विन, टू-फेस, रिडलर यांच्या पहिल्या गोष्टी त्याने लिहिल्या. याच काळात मार्टिन नोडेल या चित्रकाराबरोबर त्याने ग्रीन लँटर्नही उभा केला.

जोकरबद्दल तिघांचे तीन दावे आहेत. जेरी रॉबिन्सन या चित्रकाराने पत्त्यातल्या जोकरचं चित्र आणलं. 'द मॅन हू लाफ्स' या 1928 च्या मूकपटातल्या कॉनराड वाइटचा तो विचित्र हसरा चेहरा फिंगरने आणला. केनने श्रेय स्वतःकडे ठेवलं. वाद काहीही असो, 1940 मधली जोकरची पहिली गोष्ट फिंगरने लिहिली. या एका पात्रासाठी पुढे हीथ लेजर आणि वाकीन फीनिक्स या दोन अभिनेत्यांना ऑस्कर मिळालं.

आता हे सगळं बॅटमॅनमधून वजा करा. लाल कपड्यातला, ताठ पंखांचा एक माणूस उरतो. त्याला शहर नाही, दुःख नाही, शत्रू नाहीत. 'बॅट-मॅन' हे नाव आणि सुरुवातीची कल्पना केनची होती, हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून त्याचं नाव ओळीत हवंच. पण ज्याने त्या कल्पनेला माणूस केलं, त्याला 'सोबत' म्हणायचं?

करारावर सही कोणाची?

मग नाव एकट्या केनचं कसं झालं? कारण प्रकाशकाकडे गेला तो केन, आणि करार केला त्यानेच. फिंगर त्या खोलीत नव्हता. पहिल्या गोष्टीवर सही होती ती केनची. फिंगर केनचा पगारी लेखक होता, आणि प्रकाशकाच्या लेखी तो जणू अस्तित्वातच नव्हता.

त्या काळातल्या इतरांच्या तुलनेत केन व्यवहाराला हुशार निघाला, हे खरंच. जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनी सुपरमॅनचे हक्क 1938 मध्ये अवघ्या 130 डॉलरना विकून टाकले. पुढे कोर्टकचेऱ्या केल्या, हाल सोसले. शेवटी 1975 मध्ये, सुपरमॅनच्या मोठ्या सिनेमाची तयारी चालू असताना वर्तमानपत्रांतून बभ्रा झाला, तेव्हा कंपनीने त्यांना वर्षाला 20,000 डॉलरचं निवृत्तिवेतन आणि नाव दिलं. केनने ती पाळी स्वतःवर येऊ दिली नाही. याबद्दल त्याचं कौतुक करायलाही माझी हरकत नाही. पण स्वतःसाठी मिळवलेलं संरक्षण त्याने शेजारी बसून लिहिणाऱ्याला दिलं नाही. उलट शेल्डन मोल्डॉफसारखे चित्रकार वर्षानुवर्षं चित्रं काढत राहिले आणि खाली नाव केनचंच येत राहिलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते यालाच.

इथे बरेच चाहते थांबतात. केन खलनायक, फिंगर बिचारा, गोष्ट संपली. मला ते पुरेसं वाटत नाही. केन एकटा माणूस होता, आणि तो 1998 मध्ये वारला. त्यानंतरची 17 वर्षं ती ओळ कोणी तशीच ठेवली? संपादकांना, सहकाऱ्यांना, जुन्या वाचकांना खरं काय ते माहीत होतं. कंपनीला एक नाव, एक सही, एक करार सोयीचा होता. दुसरं नाव आलं की दुसरा वारस येतो आणि त्याच्यामागून पैशांचा प्रश्न येतो. केनचा लोभ सगळ्यांना दिसतो. कंपनीची सोय मात्र कोणी लोभ म्हणून मोजत नाही.

बचावाची वकिली

फिंगरविरुद्ध जे मुद्दे मांडले जातात, ते टाळून चालणार नाही.

पहिला मुद्दा : तो संथ होता, वेळेवर काम द्यायचा नाही. होय, त्याची तशी ख्याती होती. पण उशिरा दिलेली गोष्ट दुसऱ्याची होते का? उशिराबद्दल पैसे कापा, काम काढून घ्या. छापलेल्या गोष्टीचा लेखक त्याने बदलत नाही.

दुसरा : त्याने ते मान्य केलं होतं, भांडला नाही. हे अर्धसत्य आहे. 1965 मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक संमेलनात तो मंचावर बसून बोलला. त्याच सुमारास जेरी बेल्स या अभ्यासू चाहत्याने त्याच्या कामावर लेख लिहिला. त्यावर केनने लांबलचक जाहीर पत्र लिहून बॅटमॅन आपण एकट्याने निर्माण केल्याचा दावा केला आणि फिंगरचं म्हणणं अतिशयोक्ती ठरवलं. पुढच्या कामासाठी ज्यांच्या तोंडाकडे बघायचं, त्यांच्याशीच कोर्टात भांडायला जो गेला नाही, त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणणं हा निर्लज्जपणा आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे : फिंगरनेही उचलेगिरी केली. खरं आहे. बॅटमॅनच्या पहिल्या गोष्टीचं कथानक 'द शॅडो' या तेव्हाच्या स्वस्त मासिकातल्या 1936 च्या एका कथेवरून घेतलेलं आहे, आणि ते फिंगरने स्वतः कबूलही केलं होतं. पण हा युक्तिवाद वापरायचा तर केनलाही लावा, कारण त्याच्या सुरुवातीच्या कित्येक चौकटी दुसऱ्यांच्या चित्रांवरून काढलेल्या आहेत. त्या वेळचा सगळा धंदाच उसनवारीवर चालला होता. उसनं घेतलेल्यातून जे नवं उभं राहिलं, ते कोणी उभं केलं, हा आपला प्रश्न आहे.

पश्चात्ताप छापला, ओळ तशीच

जिवंतपणी बॅटमॅनच्या पडद्यावरच्या एकाच कामावर फिंगरचं नाव आलं. 1966 च्या टीव्ही मालिकेतली 'क्लॉक किंग'ची दोन भागांची गोष्ट त्याने चार्ल्स सिंक्लेअर या मित्रासोबत लिहिली होती. बॅटमॅनचा निर्माता म्हणून मात्र त्याला एकदाही श्रेय मिळालं नाही. जानेवारी 1974 मध्ये, साठीही न गाठता, तो न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरात मृतावस्थेत सापडला. मुलगा फ्रेड याने ओरेगॉनच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वटवाघळाचा आकार करून त्याची राख पसरली.

1989 मध्ये टिम बर्टनचा 'बॅटमॅन' आला. श्रेय एकट्या केनला. त्याच वर्षी केनचं आत्मचरित्र आलं आणि त्यात त्याने लिहिलं की फिंगरला त्याच्या वाट्याचं श्रेय मिळालं नाही, याची आपल्याला खंत वाटते. या एका कबुलीमुळे अनेकांनी केनला माफ करून टाकलं. मी करणार नाही. कारण त्यानंतर केन आणखी नऊ वर्षं जगला. त्या नऊ वर्षांत बॅटमॅनचे आणखी तीन मोठे सिनेमे आले आणि ओळ बदलली नाही. खंत पुस्तकात राहिली, नाव आणि मानधन चालू राहिलं. लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या थडग्यावरचा मजकूर तर असा, की देवानेच बॉब केनला हे स्वप्न दिलं. ब्राँक्समधल्या ज्या पो पार्कात बसून फिंगर आणि तो गोष्टी रचायचे, त्याचा तिथे उल्लेख नाही.

ओळ शेवटी बदलली ती मार्क टायलर नोबलमन या बालसाहित्यकारामुळे. त्याने अनेक वर्षं जुने कागद धुंडाळले. फिंगरला वारस उरलेला नाही असा समज होता, तो खोटा ठरवत त्याने अथिना ही फिंगरची नात शोधून काढली. त्याचं पुस्तक 2012 मध्ये आलं, अथिनाने हक्क मागितला, आणि तेव्हा कुठे कंपनी हलली. एका बाहेरच्या माणसाने हट्ट धरला नसता, तर आज 'सोबत'सुद्धा नसतं. 2017 मध्ये पो पार्कजवळच्या रस्त्याला 'बिल फिंगर वे' असं नाव मिळालं.

आपला काय संबंध?

तुमच्यापैकी कितीतरी जण आज दुसऱ्याच्या नावाने लिहीत असतील. कोणाच्या यूट्यूब चॅनेलसाठी स्क्रिप्ट, कोणा वक्त्याचं भाषण, वेबसिरीजच्या 'रायटर्स रूम'मध्ये संवाद. या कामाला कमी लेखायचं कारण नाही. पण करार कोण करतंय आणि खोलीत कोण आहे, हा फिंगरचा प्रश्न तुमचाही आहे.

मुंबईत या प्रश्नाला एक धमाल उत्तर मिळालं होतं. 1973 मध्ये 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तेव्हा सलीम-जावेद यांनी माणूस लावून शहरभरच्या पोस्टरांवर आपलं नाव रंगवून घेतलं. हा किस्सा आपण हसत सांगतो. पण त्यातून एक पायंडा पडला : लेखकाचं नाव मागण्यात लाजण्यासारखं काही नाही.

कायदाही आपल्याकडे थोडा बरा आहे. अमेरिकेत नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा 'लेखक' कायद्याच्या नजरेत मालकच ठरतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 57 मात्र सांगतं की हक्क विकल्यानंतरही 'हे मी लिहिलंय' असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. 2012 च्या दुरुस्तीने सिनेमाच्या लेखक-गीतकारांच्या रॉयल्टीच्या वाट्यालाही संरक्षण दिलं. पण तो अधिकार वापरायचा तर आपण लिहिल्याचा पुरावा आपल्या हातात हवा. तेव्हा मसुदे जपा, मेल जपा, आणि नावाचं बोलणं काम सुरू करण्याआधी करा. नंतर बोलायला गेलात, तर समोरच्याचं पत्र तयार असतं.

आणि वाचक-प्रेक्षक म्हणून? पुढच्या वेळी जोकरचं मीम टाकाल, बॅटमॅनवर रील कराल, तेव्हा निर्मात्यांची नावं बिल फिंगर आणि बॉब केन अशीच लिहा. कंपनीचा वकील काय म्हणतो, हा त्याचा प्रश्न. करार कंपनीला बांधतो, आपल्याला बांधत नाही. 76 वर्षं जी ओळ चुकीची होती, ती आजही पूर्ण बरोबर नाही, आणि ती बरोबर करायला अजून एक शब्द बदलायचा राहिला आहे.