मागच्या चाकाचा आवाज आणि खोलण्याची घाई

जुन्या मोटारीच्या मागच्या चाकाकडून येणाऱ्या अनोळखी आवाजाचे निदान हे असे काम आहे, की ज्याला गॅरेजमध्ये सर्वांत कमी वेळ दिला जातो आणि जे चुकले तर सर्वांत महाग पडते. प्रीमियर पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर दुरुस्तीला येते, मालक ‘मागून घूं-घूं येतंय’ एवढेच सांगतो, आणि पाहता पाहता गाडी जॅकवर चढून ड्रम उतरलेला, अ‍ॅक्सल शाफ्ट बाहेर ओढलेला आणि बेअरिंग बदलायला काढलेले असते. नवे बेअरिंग बसवूनही तोच आवाज कायम राहिला की संशयाची सुई डिफरन्शियलकडे वळते आणि तेही खोलले जाते. आवाज कोणत्या भागाचा आहे हे ठरवण्याआधी पाना हातात घेण्याची ही रीत जुन्या गाड्यांच्या बाबतीत आता थांबली पाहिजे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे.

ज्या काळात सुटे भाग मुबलक होते, त्या काळात ही रीत खपून जात असे. मुंबईत पद्मिनी टॅक्सी म्हणून धावत होती तोवर तिचे भाग मिळत होते आणि तिचा आवाज रोज ऐकणारे कानही गल्लोगल्ली होते. परंतु कुर्ल्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभीच संपले, उत्तरपाड्यातील अ‍ॅम्बेसेडरचे 2014 मध्ये थांबले आणि मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. डिफरन्शियलमधील क्राउन व्हील आणि पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची गती काटकोनात वळवून चाकांकडे नेणारे मोठे व लहान दातेचक्र, ही एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते आणि वर्षानुवर्षांच्या धावण्याने त्यांचे दात एकमेकांना सरावलेले असतात. केवळ संशयावरून ही जोडी खोलली आणि शिम, म्हणजे अंतर राखणाऱ्या पातळ चकत्या, मूळ जागी तंतोतंत परतल्या नाहीत, तर पूर्वी नसलेला आवाज कायमचा मागे लागतो. बदली जोडी शोधायची तर भंगारबाजाराशिवाय मार्ग उरत नाही, आणि तिथे मिळणारी जोडी कशी वापरली गेली होती हे सांगणारा कोणी भेटत नाही.

निदानाचा पाया साधा आहे. मागच्या बाजूला फिरणाऱ्या भागांचे दोन वेग असतात: टायर, ड्रम, अ‍ॅक्सल शाफ्ट आणि चाकाचे बेअरिंग चाकाच्या वेगाने फिरतात, तर प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे, आणि पिनियन हे चाकाच्या चौपटीहून अधिक वेगाने फिरतात. या गाड्यांच्या टायरचा घेर ढोबळमानाने 2 मीटर धरला, तर ताशी 36 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला 5 फेरे घेते आणि प्रोपेलर शाफ्ट 20 हून अधिक. इतक्या वेगात कानाला ठोके मोजता येत नाहीत, म्हणून ‘टकटक’ किंवा ‘कर्र-कर्र’ अशा तुटक आवाजाची परीक्षा माणसाच्या चालीने करावी. टायरच्या बाजूवर खडूची रेघ ओढून, गिअर न्यूट्रल ठेवून दोघांनी गाडी सपाट जमिनीवर हळूहळू ढकलावी आणि तिसऱ्याने चाकाशेजारून वाकून चालत रेघेवर नजर ठेवावी. रेघ प्रत्येक वेळी त्याच जागी आली असता आवाज होत असेल तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या भागात आहे, आणि रेघेच्या एका फेऱ्यात आवाज चार किंवा अधिक वेळा होत असेल तर चाकाला हात लावण्याचे कारणच उरत नाही, गाडीखाली जाऊन क्रॉस तपासावेत.

अखंड घुमणाऱ्या आवाजाला ही युक्ती चालत नाही. तिथे भार बदलून पाहावे लागते. मोकळ्या रस्त्यावर एका ठरावीक वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबून, मग पाय पूर्ण उचलून, आणि शेवटी इंजिन चालू ठेवूनच गिअर न्यूट्रल करून असे तीनदा ऐकावे. भार देताना शिळेसारखा चढणारा आणि पाय उचलताच नाहीसा होणारा, किंवा याच्या नेमका उलट वागणारा, आवाज दात्यांच्या जुळणीतून येतो, कारण भार देताना दाताची एक बाजू काम करते आणि गाडी इंजिनाला ओढू लागली की दुसरी. याउलट, तिन्ही अवस्थांत तसाच राहणारा आणि केवळ गाडीच्या वेगासोबत चढणारा-उतरणारा आवाज बहुधा चाकाच्या बेअरिंगचा किंवा टायरचा असतो. या दोघांना वेगळे करण्याचे काम रस्ताच करतो: खडबडीत डांबरावरून गुळगुळीत काँक्रीटवर येताच आवाजाची जात बदलली तर तो टायरचा, न बदलली तर बेअरिंगचा. बेअरिंग कोणत्या बाजूचे हे लांब, सौम्य वळणावर कळते. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर सरकते, तेव्हा डावे बेअरिंग खराब असल्यास त्याची घरघर वाढते. नुसत्या कानाने बाजू ठरवण्यावर मात्र विसंबू नये, कारण अ‍ॅक्सलची पोलादी नळी आवाज एका टोकाचा दुसऱ्या टोकाला सहज पोहोचवते आणि रिकामी डिकी तो आणखी फुगवते.

एवढे झाल्यावर जॅक काढावा, आणि तेव्हाही प्रथम चाकाची टोपी उतरवावी. सैल टोपीखाली अडकलेला एखादा खडा किंवा रिमवर कुरकुरणारी तिची कड यांमुळे शाबूत बेअरिंग बळी गेल्याची उदाहरणे या व्यवसायात कमी नाहीत. चाकाचे नट, ब्रेकचे शू ड्रमला घासत आहेत का आणि पाट्यांच्या स्प्रिंगचे शॅकल बुश झिजले आहेत का, हे पाहायला वेळ लागत नाही.

जॅकवरच्या तपासणीत एक धोका वारंवार दुर्लक्षिला जातो. हँडब्रेक मागच्याच चाकांवर काम करतो, त्यामुळे मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी ठरतो आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावणे अनिवार्य होते. एकच चाक उचलून गाडी गिअरमध्ये चालवणे त्याहून घातक आहे: डिफरन्शियलच्या रचनेमुळे, जमिनीवरचे चाक स्थिर असताना उचललेले चाक दुप्पट वेगाने फिरते, म्हणजे स्पीडोमीटर 30 दाखवत असताना ते चाक 60 च्या वेगाने धावत असते, आणि जमिनीवरच्या चाकाने पकड घेतली तर गाडी जॅकवरून सुटते. दोन्ही बाजू मजबूत घोड्यांवर टेकवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, चाक हाताने फिरवावे आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगजवळच्या नळीवर ठेवून मूठ कानाला लावावी. खराब बेअरिंगची खरखर तिथे स्वच्छ ऐकू येते. चाक वर-खाली आणि आत-बाहेर हलवून त्यातली मोकळीकही पाहावी. ज्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टच गाडीचे वजनही पेलतो, तिथे बेअरिंग जागेवर धरणारे कडे सरकले तर शाफ्टसह चाक बाहेर येऊ शकते. म्हणून आत-बाहेर ठळक हालणारे चाक आढळल्यास ती गाडी मालकाने कितीही आग्रह केला तरी चालवत परत पाठवू नये.

ड्रम उघडावाच लागला तर आतली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि त्याचे तंतू फुप्फुसात एकदा गेले की बाहेर येत नाहीत. ओल्या फडक्याने पुसणे हाच योग्य मार्ग, आणि तो शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी शिकवला गेला पाहिजे. ड्रममध्ये तेल आढळले तर नुसते ऑइल सील बदलून थांबू नये, अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली तापलेली हवा बाहेर सोडणारे लहान छिद्र, बुजलेला आहे का ते पाहावे. तो बुजला की आतला दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

अलीकडे येणाऱ्या गाड्यांमध्ये बेअरिंग धावण्याने झिजण्यापेक्षा उभे राहण्याने खराब झालेले अधिक दिसते. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंदता येते, मात्र अशा गाडीला नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे ती बहुतेक काळ उभीच असते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात चार महिने एकाच स्थितीत उभ्या असलेल्या गाडीच्या बेअरिंगमध्ये दमट हवा शिरते, छरे आणि कडी जिथे टेकलेले असतात तिथले ग्रीस बाजूला सरते आणि नेमक्या छऱ्यांच्या अंतराने गंजाचे ठसे उमटतात. अशी गाडी दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली की पहिल्याच फेरीत घरघर सुरू होते. तेव्हा तक्रार नोंदवून घेताना वेग, गिअर, भार आणि रस्ता यांच्या जोडीला गाडी शेवटची कधी फिरली होती हेही जॉबकार्डवर लिहून घ्यावे, आणि पावसाळ्यात निदान पंधरवड्यातून एकदा ती आवारातल्या आवारात पुढे-मागे करावी, असे मालकाला सांगावे.