'तुलना करा' हा प्रश्न मुलांचं नेमकं काय तपासतो?

एका बातमीचं शीर्षक : 'धरण ६० टक्के भरलं'. दुसरीचं : 'धरण अजून ४० टक्के रिकामंच'. माहिती एकच, पण पहिली वाचून हायसं वाटतं आणि दुसरी वाचून काळजी. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून 'सारखं काय, वेगळं काय' हे सांगता येणं म्हणजे तुलनात्मक वाचन. व्हॉट्सॲपवर एकाच घटनेच्या चार आवृत्त्या फिरतात, तेव्हा हेच कौशल्य कामी येतं. पण परीक्षेत ते तपासलं जातं का?

एक प्रश्न, तीन मजकूर

१५ वर्षांच्या मुलांसाठी ओईसीडी ही संघटना 'पिसा' ही आंतरराष्ट्रीय चाचणी घेते. २०१८ मध्ये तिचा भर वाचनावर होता. त्यातला एक प्रश्नसंच पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई, म्हणजेच ईस्टर बेटावर होता. मुलांसमोर तीन मजकूर होते : एका प्राध्यापकाचा ब्लॉग, जॅरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स' पुस्तकाचं परीक्षण आणि एक विज्ञानविषयक बातमी.

बेटावरची मोठी झाडं कशामुळे नाहीशी झाली? डायमंड यांच्या मते माणसांनी ती तोडली. बातमीतले शास्त्रज्ञ कार्ल लिपो आणि टेरी हंट यांच्या मते उंदरांनी बिया खाल्ल्याने नवी झाडं उगवलीच नाहीत. दोन्ही बाजूंचं एकमत कशावर, मतभेद कशावर, हे मुलांनी शोधायचं होतं. शेवटी स्वतःचं मतही द्यायचं होतं. उत्तर कोणत्याही बाजूचं चालणार होतं. अट एकच, त्याला मजकुरातला आधार हवा.

याच फेरीत दिसलं की ओईसीडी देशांतही दहापैकी एकापेक्षा कमी विद्यार्थ्यांना मजकुरातल्या अप्रत्यक्ष खुणांवरून तथ्य आणि मत वेगळं करता आलं. भारत या फेरीत नव्हता. २००९ च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते आणि यादीत तळाशी राहिले.

आपल्याकडे अडतं कुठे?

'तुलना करा', 'फरक स्पष्ट करा' हे प्रश्न महाराष्ट्रात नवे नाहीत. पण धड्यावरचा असा प्रश्न अनेकदा वर्गात सोडवून झालेला असतो, गाइडमध्ये तक्ता तयार असतो. मग तपासली जाते ती स्मरणशक्ती. अपठित उतारा हा त्यावरचा उपाय. पण उतारा सहसा एकच असतो, ताडून पाहायला दुसरा मजकूर नसतो.

गुण देतानाही गफलत होते. 'पहिल्या बातमीत हे आहे, दुसऱ्या बातमीत ते आहे' असं लिहिणं म्हणजे दोन सारांश झाले, तुलना नव्हे. खऱ्या तुलनेत तीन गोष्टी दिसतात : दोन्हींना लावलेला एकच निकष, दोन्ही मजकुरांतला पुरावा आणि त्यातून निघालेला निष्कर्ष. धरणाच्या उदाहरणात 'पाणीसाठा' या निकषावर दोन्ही बातम्या सारख्या, 'भर कशावर' या निकषावर वेगळ्या.

आधी वाचता तर यायला हवं?

हा आक्षेप रास्त आहे. 'असर २०२४' अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. तरीही तुलना पुढच्या इयत्तांवर ढकलायची गरज नाही. ती तोंडी सुरू होऊ शकते. चिऊचं घर मेणाचं, काऊचं शेणाचं. पावसात कोणाचं टिकलं आणि का? पहिलीतलं मूलही याचं उत्तर देतं, आणि त्यासाठी निकष वापरतं.

पुढे फक्त मजकूर अवघड होत जातो. एकाच विषयावरचे दोन छोटे, न वाचलेले उतारे आणि 'कशावरून?' हा एक जोडप्रश्न, एवढा बदल चाचणीत केला तरी पाठांतर पुरेसं पडणार नाही. मोबाइलवर आलेला मेसेज पुढे ढकलण्याआधी विचारायचा प्रश्नही हाच असतो : कशावरून?