धडधड थांबली, म्हणून गोळी थांबवू नका

"आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" किनाऱ्यावरच्या आपल्या वरोर गावात कुणाच्या तोंडून हे ऐकलं की पोटात गोळा येतो. ठोके अनियमित पडणाऱ्या माणसाला बरं वाटतं ते त्या गोळीमुळेच. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरणारी गोळी एकाएकी सोडली तर नाडी पूर्वीपेक्षा जोरात धावू शकते. रक्त पातळ करणारी गोळी सोडली तर काहीच जाणवत नाही, आणि हे जास्त वाईट. हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरत राहिले की रक्त तिथे साकळतं, गुठळी होते आणि मेंदूत जाऊन अडकते. या दुखण्यात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट वाढतो.

आपल्याकडे हे केवळ म्हातारपणाचं दुखणं नाही. लहानपणी घसा बिघडून, सांधे सुजून आलेल्या तापाने हृदयाची झडप आखडते आणि ऐन तारुण्यात ठोके बिघडतात. झडप फारच अरुंद झाली असेल तर डॉक्टर रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन किंवा असिट्रोम देतात. अशा रुग्णांसाठी रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या सरस ठरलेल्या नाहीत. म्हणून शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलायची नाही.

असिट्रोमवर असलेल्याचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, साधारण २ ते ३ च्या दरम्यान लागतो. कमी झाला तर गुठळी, वाढला तर रक्तस्राव. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात आणि ताटात टाकळा, माठ, शेवग्याचा पाला वाढतो. या पाल्यात व्हिटॅमिन के भरपूर, आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. भाजी सोडायची गरज नाही. वर्षभर बेताने खा, आणि खाणं बदललं तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घ्या. जाळी ओढून खांदे भरून आले की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक मात्र या माणसाला चालत नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ताडी-दारूनेही ठोके बिघडतात. अर्जुनसालीचा काढा घेत असाल तर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला, लपवू नका.

ठोके आवरणारी आणखी एक गोळी म्हणजे डिगॉक्सिन; तिची मात्रा फार नाजूक. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली हे औषध ज्या कुळातून येतं त्या फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीच्या पानांचा गुण लिहून ठेवला, तेव्हाच जादा मात्रेचा धोकाही नोंदवला. आपल्याकडे काही डॉक्टर डिगॉक्सिन आठवड्यातले ५ दिवस देतात, २ दिवस सुट्टी. ही सुट्टी घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांपुढे पिवळं दिसणं याला 'पित्त झालं' म्हणून सोडा प्यायला देतात, तेव्हा विषबाधा सुरू झालेली असू शकते. जुलाब लागले किंवा लघवीची गोळी चालू असली की पोटॅशियम घटतं आणि नेहमीचाच डोस जड होतो.

मेडिकलवाला कात्रीने ५ गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव एका तुकड्यावर राहतं आणि मुदत दुसऱ्यावर. घरी येईपर्यंत दोन पांढऱ्या गोल गोळ्यांतली कुठली कशाची, हे कळेनासं होतं. मला याचा राग येतो. गोळ्यांची पूर्ण स्ट्रिपच मागा, आणि असिट्रोम किती मिलिग्रॅमची आहे ते वाचून घ्या. बोटीवर जाणाऱ्याने लागतील तेवढ्या आणि दोन दिवसांच्या जादा गोळ्या पाणी न शिरणाऱ्या डबीत घ्याव्यात. बोट चालवणाऱ्या तांडेलालाही ठाऊक असू द्या.

जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणत राहणंही बरं नव्हे. १९८९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या औषध-चाचणीत कळलं की हार्ट अटॅकनंतर अनियमित ठोके दाबणाऱ्या काही गोळ्यांनी मृत्यू वाढले. म्हणून गोळी कोणती आणि किती दिवस, हे दर वेळी डॉक्टरांनीच ठरवायचं.

या आठवड्यात आपल्या माणसाची गोळ्यांची पिशवी एकदा पूर्ण उघडा. पुढच्या तपासणीला ती तशीच घेऊन जा, मग वाणगावहून गाडी पकडून मुंबईला जायचं असो की डहाणूला. डोस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. शौचाला काळं झालं, डोक्याला मार बसला, तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच १०८ ला फोन करा.