बंदुकीचा नंबर आणि शिपायाचं नाव

जुन्या वस्तू जमवणाऱ्या माणसांबद्दल मला आदर आहे. उर्दूतली कितीतरी जुनी मासिकं आणि दिवाण आज वाचायला मिळतात ते अशा छांदिष्टांमुळेच. घरच्यांची बोलणी खाऊन त्यांनी रद्दीवाल्याकडून ती सोडवून आणली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धातल्या सबमशीनगन विकत घेऊन जमवणारे लोक अमेरिकेत आहेत हे वाचलं, तेव्हा आधी दचकलो आणि मग उत्सुकतेनं आणखी वाचत गेलो. ते म्हणतात, आम्ही इतिहास जपतो. हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे, कारण इतिहास कसा जपायचा हा प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे.

आधी व्यवहार समजून घेऊ. टॉमीगन म्हणून ओळखली जाणारी थॉम्पसन १९२१ मध्ये बाजारात आली. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांसाठी तिची कल्पना निघाली होती, पण ती तयार होईपर्यंत युद्ध संपलं. पुढे ती शिकागोच्या टोळ्यांच्या हाती गेली. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी तिथल्या एका गॅरेजमध्ये सात माणसं मारली गेली, त्यात दोन थॉम्पसन वापरल्या होत्या. १९३४ मध्ये अमेरिकेनं कायदा केला. मशीनगन सरकारी रजिस्टरमध्ये नोंदवायची आणि ती दुसऱ्याच्या नावावर करताना २०० डॉलर कर भरायचा. त्या काळी नवी थॉम्पसनच साधारण तेवढ्याला मिळायची. म्हणजे कर जवळपास बंदुकीएवढा.

१९६८ मध्ये एक महिन्याची माफी जाहीर झाली. युद्धावरून आणलेली बंदूक माळ्यावर दडवून ठेवलेल्यांनी त्या महिन्यात नोंद केली तर गुन्हा नाही. आणि १९ मे १९८६ रोजी खासगी लोकांसाठी रजिस्टरचं दार बंद झालं. त्याआधी नोंदलेली मशीनगनच सामान्य नागरिकाला विकत घेता येते. अशा सगळ्या प्रकारच्या मिळून सुमारे पावणेदोन लाख बंदुका आहेत. घेणाऱ्याला फोटो द्यावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, तपासणी होऊन मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं. काही राज्यांत तर परवानगीच नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळेल. जमीन ठरावीक आणि गिऱ्हाईक वाढतं, तेव्हा भाव कुठे जातो हे कुणी शिकवायला नको. ब्रिटिशांची स्टेनगन १९४१ मध्ये घाईगर्दीत बनवली गेली. डंकर्कहून माघार घेताना हत्यारं मागे राहिली होती आणि अमेरिकेतून थॉम्पसन आणणं परवडत नव्हतं. त्यामुळे पोलादी नळकांडं, थोडं वेल्डिंग, एक स्प्रिंग असा तिचा साधा मामला. खर्च दहा डॉलरच्या आसपास. अशा चाळीस लाखांच्या घरात स्टेनगन निघाल्या. अमेरिकेची एम-३ तर मोटारींचे दिवे बनवणाऱ्या कारखान्यात तयार झाली. तिची किंमत वीस डॉलरच्या आसपास. दिसायला ग्रीसगनसारखी, म्हणून सैनिकांनी तिचं तेच नाव पाडलं. आज नोंद असलेली स्टेनगन घ्यायची तर दहा हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. चांगल्या स्थितीतली थॉम्पसन किंवा जर्मन एमपी-४० घ्यायची तर त्याच्या दुप्पट, तिप्पट. आपल्या तालुक्याच्या गावी तेवढ्यात फ्लॅट येईल.

संग्राहकांवर अन्याय करायचा नाही. नोंद असलेल्या मशीनगननं गुन्हा घडल्याची उदाहरणं तिथे अगदी विरळा आहेत. एवढा पैसा घालून, ठसे देऊन घेतलेली वस्तू माणूस जिवापाड सांभाळतो. त्यांचा अभ्यासही वरवरचा नसतो. कोणत्या कारखान्याचा शिक्का, कोणत्या वर्षीचा, कोणता स्क्रू नंतर बदलला, हे ते सांगू शकतात. आपल्यातल्या किती जणांना आपल्या पणजोबांचं पूर्ण नाव सांगता येतं?

तरीही त्यांचा दावा मला पटत नाही. त्याचं कारण त्यांच्याच बाजारात आहे. खरोखर महायुद्धात वापरलेल्या स्टेनगनचे सुटे भाग, मुख्य नळकांडं कापून निकामी केलेले, काही शे डॉलरांत मिळत आले आहेत. उलट १९८६ च्या आधी अमेरिकेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये बनवलेलं नवं नळकांडं, ज्यानं कधी रणांगण पाहिलं नाही, ते रजिस्टरमध्ये चढलेलं असेल तर त्यावर उभी केलेली स्टेनगन हजारो डॉलरला जाते. इतिहास जपायचा असता तर युद्ध पाहिलेल्या लोखंडाला जास्त मान मिळाला असता. इथे मोल मिळतं ते नोंदीला आणि ती अजून गोळ्या झाडू शकते या गोष्टीला. हे जपणं जमिनीच्या गुंतवणुकीसारखं आहे. सातबारा ज्याच्या नावावर त्याची चांदी.

हत्यार निकामी करून ठेवलं तर इतिहासाचं काही बिघडतं का? अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन रणगाडा उभा आहे. मुलं त्याला हात लावतात, प्रश्न विचारतात. तोफ डागून दाखवा असं कुणी म्हणत नाही. मात्र निकामी करणं खरं हवं. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ज्यू दुकानावर हल्ला करणाऱ्यानं वापरलेल्या बंदुका स्लोव्हाकियात निकामी म्हणून कायदेशीर विकल्या गेल्या होत्या आणि नंतर पुन्हा चालू केल्या होत्या. त्या हल्लेखोरानं आपल्या धर्माचं नाव घेतलं. त्याच दुकानात काम करणाऱ्या लसाना बाथिली या मालीहून आलेल्या मुस्लिम तरुणानं गिऱ्हाइकांना तळघरातल्या शीतगृहात लपवलं. त्यानंतर युरोपीय संघानं निकामी करण्याचे कडक नियम आणले. ते आधीच यायला हवे होते.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं अशा स्वयंचलित बंदुका सामान्य माणसासाठी बंदच ठेवल्या आहेत, आणि ते योग्यच आहे. मग या विषयाशी आपलं नातं काय?

माझ्या वर्गातल्या मुलांना टॉमीगन माहीत आहे, ती मोबाइलवरच्या गेममुळे. तिच्यात किती गोळ्या बसतात हेही ती सांगतात. यशवंत घाडगे हे नाव मात्र त्यांनी ऐकलेलं नसतं. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा नाईक पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. तो सोडून सगळे पडले किंवा जखमी झाले. तो एकटा धावला. हातबॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगननं एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यानं तिनंच झोडपून मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो गेला. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्याचं स्मारक आहे. ती बंदूक आज कुठे आहे हे कळलं नाही तरी काही अडत नाही. शेवटी तर ती बंदूक उरलीच नव्हती, सोटा झाली होती.

घाडगेंचं निदान स्मारक तरी आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसं युद्धावर गेली, त्यांपैकी इतकी मेली, एवढंच त्यांवर असतं. फक्त आकडे. त्या काळच्या मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, हे आपल्यातल्या किती घरांत सांगितलं जातं? आपल्या समाजाला ऊठसूट देशप्रेमाचा पुरावा मागणाऱ्यांना हे ठाऊक नाही, आणि आपल्यालाही नाही. पुरावा देण्यासाठी म्हणून नव्हे, आपली माणसं होती म्हणून ते ठाऊक असायला हवं.

अमेरिकेतल्या संग्राहकाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती त्याची चिकाटी. एका शिक्क्यासाठी तो वर्षानुवर्षं कागद धुंडाळतो. ती चिकाटी आपण माणसांसाठी वापरू. कपाटातलं एखादं पदक, पेन्शनचा कागद, मोडीत किंवा उर्दूत लिहिलेलं पत्र, गणवेशातला पिवळा पडलेला फोटो, यातलं काही घरात असेल तर भंगारात घालू नका. मागे नाव, गाव, पलटण लिहून ठेवा. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि सांगतील ते टिपून घ्या. शाळेतल्या शिक्षकांनी मुलांना गावातली ती पाटी दाखवून आकड्यामागची नावं शोधायला लावावीत. सगळी नावं मिळणार नाहीत. पण म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत चालली आहेत, त्यामुळे हे काम या सुट्टीतच सुरू करायला हवं.