बाहुल्यांचा मेळावा : प्रत्यक्ष की पडद्यावर?

म्हैसूरमध्ये दसऱ्याला घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या जातात. त्यात राजा-राणीच्या जोडीला, अर्थात ‘पट्टद गोंबे’ला, मानाचे स्थान असते. या प्रथेतूनच तेथे जाणकार संग्राहकांचा वर्ग तयार झाला असून, रामसन्स कला प्रतिष्ठानचे ‘बोंबे मने’, म्हणजे बाहुलीघर, हे प्रदर्शन त्यांच्या हक्काचे ठिकाण मानले जाते.

कोरोनामुळे २०२० मध्ये दसऱ्याची मिरवणूक राजवाड्याच्या आवारातच निघाली. २७ फेब्रुवारी २०२१ रोजी सुरू झालेला भारत खेळणी मेळावाही आभासी होता. त्यात एक हजाराहून अधिक प्रदर्शक होते आणि पंतप्रधानांनी चन्नपट्टणच्या कारागिरांशी संवाद साधला. दूरचा ग्राहक जवळ आला, हे निर्विवाद.

मात्र साच्यातून निघालेले, खोक्यात बंद खेळणे छायाचित्रावरून मागवता येते. हातकामाच्या बाहुलीचे तसे नाही. लाखेचा गुळगुळीतपणा, जोडीतील दोघांच्या उंचीचा व चेहऱ्यांचा मेळ हाताळल्याशिवाय कळत नाही. घरच्या मांडणीत काय उणे आहे, हे संग्राहक विक्रेत्याला समोरासमोरच सांगतो. मातीची बाहुली तर टपालात फुटण्याचीच भीती अधिक. त्यामुळे आभासी विक्रीचा लाभ चन्नपट्टणसारख्या नावाजलेल्या केंद्रांना होईल. मातीकाम करणाऱ्या अपरिचित कारागिरांची भिस्त मात्र दसऱ्याआधीच्या प्रदर्शनावरच राहील.